धुऱ्यावरचा पिंजरा

लांडग्यानं कालवड नेली त्या सकाळी सिंधू रडली नाही. पळसाखाली पडलेलं कालवडीचं उरलंसुरलं अंग तिनं पोत्यावर घेतलं, रामलिंगनं खड्डा खांदला, दोघा नवरा-बायकोनं मिळून ते पुरलं. मग हातपाय धुऊन, पदर खोचून ती तशीच नायगावच्या रस्त्याला लागली. रामलिंग मागून म्हणाला, दुपारनं जाऊ, भावकीतलं कुणीतरी संगं घेऊ.

"कालवड भावकीची न्हवती," ती म्हणाली आणि चालू लागली.

पहिलारू गाईची ती कालवड. गाय तिला अंगाला लावून घेईना, लाथा मारी. तेव्हा सिंधूनं बोटं चोखवून, वाटीनं दूध पाजून तिला जगवली होती. अंगानं चांगली भरली होती. सिंधू आखाड्यावर, शेतातल्या गोठ्याकडं, येताना दिसली की दावं ताणून हंबरायची. लांडग्यानं तिला दाव्यासकट ओढत माळाच्या कडेपर्यंत नेली होती.

नायगावला वनखात्याच्या कचेरीत तिला रेणुका भेटली. खाकी कपड्यातली, उन्हानं रापलेली बाई. वनरक्षक होती, आधी किनवटच्या जंगलात नोकरी करून इकडं बदलून आलेली. तिनं सिंधूला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि माळावरचे लांडगे आता किती थोडे राहिलेत ते सांगायला लागली. सिंधूनं ऐकून घेतलं. मग म्हणाली की ते थोडे असोत का लई, मला तो धरून पाहिजे. तुम्ही धरणार नसाल तर मी धरीन, आणि मी धरला तर तो तुमच्या गाडीत चढायच्या लायक राहणार नाही. दोन दिवसांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून लोखंडी पिंजरा आला.

पिंजरा ठेवला तो धुऱ्यावर, दोन रानांमधल्या बांधावर, जिथं मातीत पायांचे ठसे होते तिथं. धुऱ्याच्या अलीकडं सिंधूचं रान, पलीकडं व्यंकटीचं. व्यंकटी रामलिंगचा चुलतभाऊ, वयानं धाकटा; पण ट्रॅक्टर त्याचा, गावात शब्द त्याचा. दर उन्हाळ्यात तो धुऱ्याचं गवत पेटवायचा, म्हणायचा रान साफ होतं, उंदरं मरतात. आणि काळ्या पडलेल्या धुऱ्यावर त्याचा नांगर दरसाली एक तास, एक ओळ, अलीकडं सरकायचा. सिंधू भांडायची. रामलिंग कामाला कधी मागं हटत नसे, पण चार माणसांत बोलायची वेळ आली की खाली बघून चपला शोधायला लागे. धुरा तसाच सरकत राहिला.

पिंजऱ्याच्या मागच्या कप्प्यात कोंबडी ठेवली होती. त्यावरून घरात तंटा झाला. सासू उमाबाई रोज अंघोळ करून विभूती लावून लिंगपूजा करणारी. घराण्यात मांसाला कुणी शिवलं नव्हतं. ती म्हणाली, आपल्या रानात जीव बांधून जीव धरायचा, हा कुठला धरम. सिंधू म्हणाली, आत्याबाई, कालवडीला कुणी धरम विचारला न्हाई. म्हातारी त्या दिवशी जेवली नाही.

लांडगा सापडला तो उजाडायच्या वेळी. सिंधू आखाड्यावर शेण काढत होती. धुऱ्याकडून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही. तिला वाटलं होतं गुरगुरणं ऐकू येईल, धडका ऐकू येतील. तशीच शेणाच्या हातानं ती पळत गेली.

आत एक लांडगी होती. सिंधूनं मनात धरला होता त्यापेक्षा लहान, उंच पायांची, पोट खपाटीला गेलेली. मातकट रंग, पाठीवर काळसर केस. ती पिंजऱ्याच्या मधोमध उभी होती आणि शेपूट पोटाखाली घेतलेली होती. कोंबडी मागच्या कप्प्यात ओरडत होती, लांडगी तिकडं बघतसुद्धा नव्हती. सिंधू समोर बसली. एवढ्याश्या या जनावरानं माझी कालवड नेली, असं तिला वाटलं, आणि तिचा राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

रेणुका आली, तिनं मागच्या कप्प्यातली कोंबडी काढून घेतली, दाराची खिट्टी लावून वरून तार आवळली, सावलीला पिंजऱ्यावर जुनी ताडपत्री बांधली. न्यायची मोठी गाडी दुसऱ्या तालुक्यात बिबट्याच्या मागं गेली होती, ती मोकळी झाली की येणार होती. तोवर पाणी तोडू नका, माणसं जवळ येऊ देऊ नका, असं तिनं सिंधूला सांगितलं. खाणं ती स्वतः आणणार होती. सिंधूनं मान हलवून हाव म्हटलं. मनात म्हणाली, पाणी देते, जीव ऱ्हाऊ दे तुझा, गाडी येईस्तोवर.

संध्याकाळी गाव लोटलं. व्यंकटी पुढं होता. कुणीतरी म्हणालं की लांडगा विस्तवाला भितो. दुसरा म्हणाला, भितो कसला, त्याला जाळ दिसला की आंधळा होतो. व्यंकटीनं सिंधूच्याच कडब्याच्या गंजीजवळून कापसाची वाळकी पऱ्हाटी उचलली, तिची जुडी केली आणि टोकाला पेटवली. पऱ्हाटी तडतडत पेटली. त्यानं ती गजांजवळ नेली.

लांडगी मागं झाली. मागं म्हणजे कुठं, पिंजरा तो केवढा. पाठ गजांना टेकली तशी ती आणखी मागं रेटायला लागली, कान डोक्याला चिकटलेले, ओठ वर गेलेले, आणि तिच्या मागच्या पायांतून मूत गळालं. लोक हसले. मोबाइल वर झाले. व्यंकटी या बाजूनं जाळ दाखवी, ती त्या बाजूला. त्या बाजूनं दुसरा कुणी दाखवी, ती मधी. "नाचवा नाचवा," कुणी म्हणालं.

सिंधूसुद्धा हसली. तिनं व्यंकटीच्या हातातून जुडी घेतली. कालवडीचं पुरलेलं अंग पळसाखाली होतं, तिथून फार लांब नव्हतं. तिनं जुडी गजांच्या आत घातली, लांडगीच्या तोंडासमोर धरली, आणि म्हणाली, "बघ. आता बघ माज्याकडं."

लांडगी बघत होती. पहिल्यांदा जाळाकडं. मग जाळ थोडा उतरला, पऱ्हाटीची टोकं लाल होऊन गळायला लागली, तसं तिचं बघणं सरकलं. जाळावरून काठीवर, काठीवरून सिंधूच्या मनगटावर आलं, आणि तिथंच थांबलं. पुन्हा जाळाकडं गेलं नाही. सिंधूनं जुडी हलवली, निखारे उडाले, एक लांडगीच्या पायाजवळ पडला; तिनं पाय उचलून बाजूला ठेवला, नजर हलवली नाही.

सिंधूनं जुडी बाहेर काढून मातीत विझवली. लोक म्हणाले, कामून विझवली, आणखी एक पेटवा. ती म्हणाली, पुरे झालं, दिवस बुडाला, घरी जा. व्यंकटी हसत म्हणाला की वैनीचा जीव आला त्याच्यावर. सगळे पुन्हा हसले, आणि ती घागर उचलून निघाली.

दुसऱ्या दिवशी रेणुका मांस घेऊन आली. सिंधूनं तिला कालचं सांगितलं, आपण जुडी घातली तेसुद्धा. रेणुका रागावली नाही. गजांजवळची राख पायानं पसरली आणि खाली बसली. किनवटला असताना त्यांच्या कॅम्पवर एक जखमी रानकुत्रं पिंजऱ्यात ठेवलं होतं, त्याची गोष्ट तिनं सांगितली. तिथं पिंजऱ्याच्या समोरच चुलीवर रोज स्वैपाक व्हायचा. पहिले काही दिवस ते कोपऱ्यात तोंड खुपसून बसायचं. मग त्याला कळलं की हा जाळ जागचा हलत नाही. मग ते चुलीकडं तोंड करून झोपायला लागलं. पण एका उन्हाळ्यात समोरच्या डोंगराला वणवा लागला, डोंगर कुठल्या कुठं लांब, कॅम्पवर धुराचा वाससुद्धा नव्हता. तर त्या कुत्र्यानं गजांवर तोंड आपटून आपटून रक्त काढलं.

"चुलीतला जाळ निराळा आन् रानातला निराळा," रेणुका म्हणाली. "एवढं त्याला कळतंय. का कळतंय ते मला सांगता येत न्हाई."

रेणुका गेल्यावर लांडगीनं मांस खाल्लं नाही. सिंधू उठून लांब आखाड्याच्या सावलीला जाऊन बसली, तेव्हा खाल्लं. मांसाजवळून आली म्हणून त्या दिवशी उमाबाईनं सिंधूला चुलीजवळ येऊ दिलं नाही. भाकरी उंबऱ्यावरून दिली, पाणी वरून ओतलं. सिंधू उंबऱ्याबाहेर बसून जेवली. रामलिंगला ते बघवेना, तो ताट घेऊन तिच्याशेजारी बाहेर येऊन बसला, पण आईला काही बोलला नाही.

संध्याकाळी व्यंकटी पुन्हा आला. सोबत नायगावची त्याची पाहुणेमंडळी होती, त्यांना दाखवायचं होतं. या खेपेला बाटलीत डिझेल आणलं होतं, चिंधी गुंडाळलेली काठी आणली होती. सिंधू धुऱ्यावर आडवी उभी राहिली. तिच्या हातात वैरण कापायचा विळा होता. कामातून उठून आली होती म्हणून होता, पण तिनं तो खाली ठेवला नाही. म्हणाली की आज जाळ न्हाई. बघायचं असेल तर लांबून बघा आणि जा.

व्यंकटीनं आधी हसून घेतलं. मग पाहुण्यांकडं बघितलं, आणि त्याचं हसू गेलं. म्हणाला, धुरा काय तुमच्या एकटीचा हाय का.

"धुरा दोघांचा. पिंजरा माज्या अंगाला हाय. भावजी, तुमच्या रानात काय जाळायचं ते जाळा, हिकडं पाय टाकू नका."

पाहुण्यांतला एकजण खाकरला. सगळे परत फिरले. रामलिंग बैलाच्या गळ्यातली घंटा उगाच पुसत उभा होता. रात्री तो इतकंच म्हणाला की व्यंकटीला पाहुण्यांदेखत असं बोलाया नको होतं.

सकाळी गाडीवाटेवर बाभळीच्या फांद्या पडलेल्या होत्या. आखाड्याची वाट व्यंकटीच्या रानातून जायची, त्याच्या आजापासून जायची. आता बैलगाडी निघेना. सिंधूच्या बोअरचं पाणी आटलं होतं, पिण्याचं पाणी गावच्या विहिरीवरून गाडीत टाकीनं यायचं. ते थांबलं. ती डोक्यावर घागर घेऊन नाल्यातून लांबच्या फेऱ्यानं पाणी आणायला लागली. गोटे तापलेले, नाल्यात सावली नाही. बैलांचं, गाईचं, घरचं. आणि त्यातलंच एक तांब्या पिंजऱ्यातल्या पत्र्याच्या पराती​त. पाणी ओतायला ती जवळ गेली की लांडगी मागं सरकायची. पण आता तिचं शेपूट पोटाखाली नसायचं. ती गेली की मागून लपलप आवाज यायचा. विहिरीवरच्या बाया विचारायच्या, सिंधू, लांडग्याला पाणी पाजून पुण्य करून राहिलीस का. ती म्हणायची, हाव, करून राहिले, आणि घागर भरून निघायची. मान दुखायची. पण फांद्या काढा म्हणून ती व्यंकटीच्या दारात गेली नाही, आणि रामलिंगलाही जाऊ दिलं नाही.

पुढं एके दिवशी दुपारी वारं सुटलं. माळावरची कुसळी वाळून पिवळी झाली होती, वाऱ्यानं ती एका अंगाला झोपायची आणि पुन्हा उठायची. रामलिंग कडब्याच्या गंजीवर वरची पेंढी नीट लावत होता. सिंधू शेणखताचा ढीग विस्कटत होती. पिंजऱ्यातून तिला आवाज आला. कुत्र्याचं पिल्लू कुंईकुंई करतं तसा, पण जाड. इतक्या दिवसांत लांडगीनं आवाज केला नव्हता.

सिंधू गेली. लांडगी पिंजऱ्यात उभी आडवी फिरत होती, दोन पावलं इकडं, दोन पावलं तिकडं, वळताना खांदा गजांवर घासत होता. नाक वर. मग ती एकदम खाली झाली आणि कोपऱ्यातली माती पुढच्या पायांनी उकरायला लागली. खाली पिंजऱ्याचा लोखंडी तळ होता. नखं त्यावर करकरली, तरी ती उकरतच राहिली. सिंधूनं माळाकडं बघितलं. काही नव्हतं. रेणुकाची गोष्ट तिला आठवली, आणि ती वळून व्यंकटीच्या रानाकडं बघायला लागली.

धूर मग दिसला. धुऱ्याच्या पार वरच्या टोकाला, व्यंकटीच्या बाजूनं. धुराजवळ पांढरा सदरा घातलेला माणूस उभा होता, तो वाकला, चार पावलं चालला, पुन्हा वाकला. दर वर्षी व्यंकटी धुरा पेटवायचा, पण वारं पडल्यावर, सांजेला, जाळ झोडायला लिंबाचे ओले ढाळे घेतलेली माणसं जागोजागी उभी करून. आज एकटाच होता, आणि वारं त्याच्या पाठीकडून होतं.

जाळ उभा न राहता आडवा पळत आला. कुसळी पेटताना आवाज होतो तो पाऊस आल्यासारखा. सिंधूनं रामलिंगला हाक मारली, बैल सोड म्हणाली, गाय सोड म्हणाली. रामलिंग गंजीवरून उडी मारून गोठ्याकडं पळाला. तिनं पदरातला मोबाइल काढून रेणुकाला लावला. रेणुका म्हणाली, गाडी मिळालीय, आम्ही रस्त्यातच आहोत, वैनी, तुम्ही बाजूला व्हा, तुम्ही आधी बाजूला व्हा. पिंजऱ्याचं काय ते तिनं सांगितलं नाही. सिंधूनं विचारलं नाही.

पिंजऱ्याच्या दोन्ही अंगाला धुऱ्याचं गवत कंबरेएवढं होतं. तिनं खिट्टी ओढली, ती निघाली. तार निघेना. रेणुकानं ती चांगली आवळली होती. बोटांना धार लागली, रक्त आलं, पीळ उलटा सुटत गेला. मग ती गजांवर पाय देऊन पिंजऱ्याच्या माथ्यावर चढली, ताडपत्री फेकली, आणि दाराची साखळी दोन्ही हातांनी वर ओढली. दार जड होतं. पिंजरा ठेवायला आला तेव्हा ते दोन गड्यांनी उचललं होतं. तिनं पाय रोवले, पाठ मागं टाकली, दार कमरेइतकं वर आलं. साखळी तिनं वरच्या कडीत अडकवली.

लांडगी बाहेर आली नाही. ती तळाशी सपाट पडली होती, नाक दोन पायांत, आणि डोळे दाराच्या बाहेर लावलेले. सिंधू माथ्यावरून पाय आपटत म्हणाली, "निघ. निघ की, मर्दिनी." धूर अंगावर आला. तिला खोकला सुटला. जाळ पळसाजवळ आला होता.

मग लांडगी निघाली. सिंधूला वाटलं, ती जाळापासून लांब, आखाड्याकडं पळेल. ती पळाली जाळाकडं. धुऱ्याला एका ठिकाणी खडक उघडा होता, तिथं गवत विरळ, जाळ घोट्याएवढा. त्या जागेवर ती गेली, थांबली, एक पाय उचलला आणि उडी मारून पलीकडं गेली. पलीकडं सगळं जळून गेलं होतं. काळी जमीन, वर धुराच्या रेघा. त्या काळ्या जमिनीवर जाऊन ती उभी राहिली, पाय एकामागं एक वर उचलत, आणि मागं वळून बघितलं. मग माळावर चढून दिसेनाशी झाली.

तोवर सिंधूच्या मागच्या बाजूचं गवत पेटलं होतं. आखाड्याची वाट गेली. लोखंड पायाला चटका द्यायला लागलं. तिनं लुगड्याचा काष्टा वर खोचला, उडी मारली, आणि खडकाच्या त्याच जागेवरून, तोंडावर हात धरून, जाळातून पलीकडं गेली. चप्पल एका पायातली तिथंच राहिली. काळ्या जमिनीवर पोचल्यावर तिचे तळपाय भाजायला लागले, ती पळत राहिली, पळत राहिली, आणि जिथं राख गार लागली तिथं बसली. पदराचं टोक धुमसत होतं. तिनं ते मुठीत चुरगाळून विझवलं.

गंज गेली. गोठ्याचं छप्पर गेलं. बैल, गाय वाचली. जाळानं आखाड्याच्या पलीकडची नांगरट गाठली आणि तो तिथं मेला.

रेणुका आली तेव्हा पिंजरा काळा पडला होता. तिनं वर अडकवलेली साखळी बघितली, सुटलेली तार उचलून खिशात घातली, आणि आधी सिंधूचे पाय बघितले. तिच्याच गाडीनं सिंधूला दवाखान्यात नेलं. तळव्यांची कातडी सुटली होती.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब चौकशीला येणार होते. त्याआधी सकाळीच व्यंकटी आला. वाटेवरच्या फांद्या त्यानं स्वतः बाजूला केल्या होत्या. वैनीच्या पायाचं ऐकून झोप लागली न्हाई म्हणाला. ओसरीवर बसून, रामलिंगकडं बघत, हळू आवाजात त्यानं समजावून सांगितलं. वनखात्याचं जनावर सोडणं म्हणजे गुन्हा. वैनीला कोर्टात ओढतील. तर असं सांगायचं की जाळाच्या तापानं दार आपोआप उचललं. आणि जाळ? जाळ माळावरून आला, कुणा गुराख्याच्या बिडीनं. कुणाला काही नाही. गंजीसाठी कडबा तो देणार होता, छपराला पत्रे देणार होता, गाडीवाट मोकळी राहणार होती. सगळं तुझ्या भल्याचं बोलून ऱ्हायलो, दादा, असं तो रामलिंगला म्हणाला.

रामलिंगनं सिंधूकडं बघितलं. त्याच्या तोंडावर सुटका झाल्यासारखं होतं. सिंधू पाय लांब करून बसली होती, पांढऱ्या पट्ट्या बांधलेले. ती काही म्हणाली नाही. व्यंकटीला ते हो वाटलं, तो चहा पिऊन गेला.

महादेवाच्या देवळापुढच्या ओट्यावर साहेब बसले. गाव जमलं होतं. सिंधूला चालवत नव्हतं. रामलिंगनं तिला धरून आणलं. उमाबाई काठी टेकत मागून आली, बायांत बसली नाही, सुनेच्या शेजारी येऊन बसली. साहेबांनी व्यंकटीला आधी विचारलं. त्यानं बिडीचं सांगितलं. दोघातिघांनी माना डोलावल्या. मग साहेबांनी सिंधूला विचारलं, पिंजऱ्याचं दार कसं उघडलं.

रामलिंग हळू म्हणाला, "तापानं..."

"दार मी उघडलं," सिंधू म्हणाली. "तार बी मीच सोडली. बोटं बघा."

तिनं हात पुढं केले. साहेब म्हणाले, काय बोलता ते कळतंय का तुम्हाला, हा गुन्हा आहे. ती म्हणाली, कळतंय. रेणुकानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, साहेबांनी हातानं थांबवलं. जनावर तुमची कालवड खाऊन गेलेलं, तुम्हीच तक्रार केली, मग सोडलं का, असं त्यांनी विचारलं.

सिंधूनं पुढं केलेले हात मागं घेतले.

"पहिल्या दिवशी त्याला जाळ दाखवून मी बी हासले, साहेब. माजी कालवड नेली व्हती त्यानं. तुम्ही त्याला न्या, कुठं बी सोडा, डांबून ठिवा, माजं काई म्हनणं न्हाई. पण कोंडलेलं जनावर जाळापुढं टाकून मी बाजूला हुभी ऱ्हानार न्हाई. उद्या पुन्हा आसंच झालं तर पुन्हा उघडीन. ल्हिवा." मग ती व्यंकटीकडं वळली. "आन् जाळ बिडीनं लागला न्हाई. जाळ ह्या भावजीनं लावला. वारं पाठीशी घिऊन लावला. पिंजरा तिथं हाय, मी तिथं हाय, आखाडा तिथं हाय, हे बघून लावला."

व्यंकटी उठून उभा राहिला. म्हणाला, कुणी बघितलं? बाईमाणूस, धुरात काय दिसलं असंल? सांगा की, कुणी बघितलं? तो गावाकडं वळला, आणि गाव जमिनीकडं बघत होतं.

"मी बघितलं," रामलिंग म्हणाला.

त्याचा आवाज इतका बारीक होता की साहेबांनी पुन्हा विचारलं. रामलिंग ओट्याला हात लावून उठला. या खेपेला तो खाली बघत नव्हता. गंजीवर व्हतो, म्हणाला, उंचावर. पांढरा सदरा. चार ठिकाणी काडी लावली. माजं नाव ल्हिवा. मग तो चुलतभावाकडं बघून म्हणाला, "कडबा नको मला तुजा."

उमाबाईनं काठी आपटली आणि सुनेला म्हणाली, "ऊठ. घरी चल. पट्टी बदलायची हाय."

त्यानंतर तालुक्याला तारखा पडल्या. सिंधूवर पडल्या, व्यंकटीवरही पडल्या. तो सुटायच्या खटपटीला लागला. ती लागली नाही. एकाच एसटीनं दोघं जायचे, तो पुढं बसायचा, ती मागं. प्रत्येक खेपेला तिला तेच विचारलं जाई, प्रत्येक खेपेला ती तेच सांगे. वकील म्हणाला, भीतीनं हातून झालं असं म्हणा, सुटाल. ती म्हणाली, भीतीनं न्हाई झालं. गावात तिच्याशी पुष्कळ जण बोलेनासे झाले. कुणाची शेळी गेली की तिच्या दारावरून जाताना मोठ्यानं बोलायचे. ती अंगणात येऊन उभी राहायची, ऐकायची, तेव्हा आवाज कमी व्हायचे. तळपाय भरून आले, पण कातडी पातळ राहिली. ढेकळातून चालताना ती अजूनही पाय बघून टाकते.

लांडगी पुन्हा कुणाला दिसली, कुणाला दिसली नाही. सिंधूनं शोधली नाही. ती माळावर दिसली असती तर सिंधूनं दगड मारून हाकलली असती, असं ती स्वतःच म्हणते.

पुढचा उन्हाळा आला. धुऱ्यावर कुसळी पुन्हा कंबरेएवढी वाढून वाळली. एके दिवशी सांजेला, वारं पडल्यावर, व्यंकटी धुऱ्यावर आला. सोबत माणसं होती, लिंबाचे ढाळे होते. या खेपेला सगळं नीट होतं. त्यानं खिशातून काडेपेटी काढली.

सिंधू धुऱ्याच्या मधोमध गवतात बसून विळ्यानं गवत कापत होती. मागं कापलेल्या पेंढ्यांची रांग होती. सकाळपासून बसली असावी. पाठ घामानं भिजलेली. तिनं मान वर केली, व्यंकटीच्या हाताकडं बघितलं, आणि काडेपेटीकडं बोट न दाखवता म्हणाली,

"पेटवायचं आसंल तर पेटवा, भावजी. मी उठणार न्हाई."

आणि पुढची मूठ धरून तिनं विळा चालवला. व्यंकटी उभा राहिला. माणसं त्याच्याकडं बघायला लागली. विळ्याचा खसखस आवाज तेवढा होत राहिला, आणि मग माणसांच्या पायांचा, माघारी जाणाऱ्या.